हरकती व सूचना

१९७० साल असावं. मी तिसरीत होतो. शाळूच्या पेरणीची गडबड चालली होती, म्हणून शाळा बुडवून मला गुरांमागं धाडलं होतं. आमच्या माळाला तेव्हा रस्ता नव्हता. बैलगाडीची एक चाकोरी होती, ती ओढ्याच्या कडेनं पलीकडच्या गावाला जायची. त्या दिवशी एक जीप आली. थोडा वेळ चाकोरीनं आली आणि मग चाकोरी सोडून सरळ कुसळीतून माझ्याकडं वळली. वर कापडी टप, आत चार माणसं, दोघांच्या हातात बंदुका.

"पोरा, इकडं ढोक कुठं बसतो रे?" एकानं विचारलं.

माळावरची गोष्ट मला मोठ्या माणसानं विचारली, ती पहिल्यांदा. मला ठाऊक होतं. मी म्हणालो, "दावतो की. पर गाडीत बसवा."

त्यांनी बसवलं. मी बोट करीन तिकडं जीप चालली. धनगरवाड्याच्या मागं जो बरड होता, तिथं माळढोक उभा होता. माणूस पायी गेला तर हे पाखरू अर्ध्या कोसावरनं ओळखतं आणि चालायला लागतं. बैलगाडीला मात्र बुजत नाही, आणि जीपला तर त्यानं तोवर काय पाहिलं असणार? जीपनं त्याच्याभोवती एक मोठा फेरा घेतला. मग त्याहून लहान, मग आणखी लहान. तिसऱ्या फेऱ्याला बार झाला.

उचलायला दोन माणसं लागली. मला आठ आणे मिळाले आणि गावापर्यंत जीपमधनं आणून सोडलं. पोरं माझ्याकडं बघत राहिली. संध्याकाळी धनगरवाड्यातले आबा चावडीपुढं भेटले. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "तीन वर्सं त्याच बरडावर नाचत हुतं रं ते."

हे मी आजवर फार जणांना सांगितलेलं नाही. पण माळाविषयी, शिकारीविषयी आणि सरकारच्या नियमांविषयी लिहायचं तर सुरुवात इथनंच करायला पाहिजे.

माळढोकाची शिकार काही त्या जीपवाल्यांनी सुरू केली नव्हती. कंपनी सरकारच्या काळात, १८०९ ते १८२९ या वीस वर्षांत, मॅन्सफील्ड नावाच्या एका साहेबानं एकट्या नगर जिल्ह्यात ९६१ माळढोक मारल्याची नोंद पुस्तकांत आहे. एका माणसानं ९६१! त्यावरून एक कळतं, की त्या काळी आमच्या भागात हे पाखरू मुबलक होतं. नर बारा-पंधरा किलोचा, उंची मीटरभर. पावसाळ्यात तो उंच बरडावर उभा राहतो, गळ्याची पिशवी फुगवून पार खाली सोडतो, शेपूट पाठीवर उलटवतो आणि घुमतो. तो 'हूम' असा आवाज लांबवर जातो, त्यामुळं काही भागात त्याचं नावच हूम. मादी वर्साला बहुधा एकच अंडं घालते, आणि तेही घरट्यात नव्हे, उघड्या जमिनीवर. ज्याची पैदास इतकी हळू, त्याला फार मारून चालत नाही.

फासेपारधीही शिकार करायचे. ते फाशात तितर धरायचे, लावे धरायचे, काळवीट धरायचे. पण त्यांचं पोट त्यावर होतं आणि त्यांचे पाय दोन होते. एका दिवसात जेवढं चालवेल तेवढाच माळ त्यांच्या हाती लागायचा. जीप आल्यावर तो हिशेब मोडला. दुसरं महायुद्ध संपल्यावर लष्कराच्या जुन्या जीपा बाहेर विकल्या गेल्या, त्यानंतर हौशी शिकारी रस्ता सोडून माळात शिरायला लागले. देशभरात माळढोक कमी व्हायचं ते एक मोठं कारण झालं, असं जाणकार सांगतात. आमच्या माळावर तर ते मी डोळ्यांनी पाहिलं आणि हातानं दाखवलंसुद्धा.

आता कायद्याचं बघू.

जंगलाचे नियम करताना रयतेला विचारावं, ही गोष्ट नवी नाही. १८७८ च्या जंगल कायद्यानं सरकारनं राखीव जंगलं करायला सुरुवात केली. त्या कायद्यातही लिहिलं होतं, की जंगल राखीव करण्याआधी गावोगावी त्यांच्या भाषेत जाहीरनामा लावायचा आणि हक्क सांगायला लोकांना निदान तीन महिने द्यायचे. कागदावर चांगलंच होतं. पण गुरांना चरायची जागा राहिली नाही, काटकी आणायची चोरी झाली. महात्मा फुल्यांनी १८८३ साली लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये या जंगलखात्यावर कडक शब्दांत लिहिलंय, ते वाचावं.

ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोठी ओरड झाली. तिकडं भाताच्या रोपासाठी राब भाजतात, त्याला झाडाच्या फांद्या लागतात, आणि त्या तोडायवर बंदी आली. लोकांनी अर्ज केले, सभा घेतल्या. शेवटी मुंबई सरकारला १८८५ साली एक फॉरेस्ट कमिशन नेमावं लागलं. त्या कमिशनपुढं लोकांच्या साक्षी झाल्या आणि १८८७ साली अहवाल आला. मागण्या सगळ्या काही मान्य झाल्या नाहीत. पण परक्या सरकारला सुद्धा बसून ऐकून घ्यावं लागलं, लिहून घ्यावं लागलं. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

शिकारीचे नियम त्यामानानं उशिरा आले. १९१२ साली इंग्रजांनी रानपाखरं आणि जनावरं राखायचा कायदा केला. त्यात पिकाच्या, मालमत्तेच्या खऱ्या रक्षणासाठी जनावर मारलं तर गुन्हा नाही, अशी सोय होती. स्वातंत्र्य आल्यावर मुंबई राज्यानं १९५१ साली आपला कायदा केला. त्यात शिकारीला परवाने आले, बंद हंगाम आले. म्हणजे १९७० साली जी जीप आली, तेव्हा कायदा होता. पण तो बघायला माळावर कधी कुणी आलेलं आम्ही पाहिलं नाही. आमच्या गावात कुणाला त्याचं नावही ठाऊक नव्हतं.

मग १९७२ आलं. त्या दुष्काळाचं मी काय सांगू? मी अकरा वर्षांचा होतो. आई-आण्णा खडी फोडायला जायचे, मी सुकडीच्या रांगेत उभा राहायचा. गावातली निम्मी जनावरं दावणीला मेली, नाहीतर मातीमोल गेली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात दिल्लीत वन्यजीव संरक्षणाचा कायदा पास झाला. आम्हाला त्या वेळी कुणी येऊन सांगितलं असतं, की बाबांनो, दिल्लीत पाखरांसाठी कायदा झालाय, तर खडी फोडणारे लोक हातोडा टाकून हसले असते.

कायदा वाईट नव्हता. मी पुढं तो मराठीतनं समजून घेतला. माळढोक पहिल्या परिशिष्टात, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणात घेतला. आणखी एक कलम होतं, की चाकाच्या गाडीतून किंवा मोटारीतून शिकार करायची नाही. ते वाचलं आणि माझ्या अंगावर काटा आला. माझ्या आठ आण्यांच्या गोष्टीला दोन वर्सं होतात न होतात तोवर दिल्लीत कुणीतरी ते लिहून ठेवलं होतं. पुढं १९९१ साली शिकारीचे परवानेच बंद झाले, तेव्हा ते वेगळं कलम ठेवायचं कारणही उरलं नाही.

पण ज्यांना शिकारीतलं सगळ्यात जास्त कळत होतं, त्या पारध्यांना कुणी विचारलं नाही. इंग्रजांनी त्यांना गुन्हेगार जमात ठरवलं होतं. सोलापुरात तारेच्या कुंपणातली सेटलमेंट होती, ती १९५२ साली त्यांना मोकळं केलं तोवर. मोकळं होऊन वीस वर्सं झाली आणि या कायद्यानं त्यांचा धंदा गुन्हा ठरला. त्यातल्या चार शहाण्या माणसांना पगार देऊन राखणीला घेतलं असतं तर? तितराचा माग काढणारा माणूस माळढोकाचं अंडं किती चांगलं सांभाळील! पण ते कुणाला सुचलं नाही.

१९७९ साली माळढोक अभयारण्य जाहीर झालं. सोलापूर आणि त्या वेळचा अहमदनगर, या दोन जिल्ह्यांतलं मिळून ८,४९६ चौरस किलोमीटर. आकडा नीट कळावा म्हणून सांगतो, अख्खा सोलापूर जिल्हा १४,८९५ चौरस किलोमीटरचा आहे. करमाळा, माढा, मोहोळ, उत्तर सोलापूर, कर्जत, श्रीगोंदा, नेवासे अशा तालुक्यांतली गावंच्या गावं त्यात गेली. वनखात्याची स्वतःची जमीन त्यात थोडीच. बाकी आमची शेतं, घरं, बाजारपेठा, साखर कारखान्याचा ऊस. बसस्टँड सुद्धा अभयारण्यात! माळढोक कधी उसात राहत नाही, हे धनगराच्या लहान पोराला ठाऊक असतं.

कायद्यात लिहिलं होतं, की अभयारण्य जाहीर केल्यावर कलेक्टरांनी आतल्या आणि लगतच्या प्रत्येक गावात तिथल्या भाषेत जाहीरनामा लावायचा, आणि कुणाचा काही हक्क असेल तर त्यानं दोन महिन्यांच्या आत लेखी मागणी करायची. मी तेव्हा अठरा वर्षांचा, नुकताच दहावी होऊन शेतीला लागलेला. चावडीवर आलेला कागद वाचून दाखवायचं काम बहुतेक वेळा माझ्याकडंच असायचं. पोलिओचा डोस असो, तगाईची वसुली असो, कोतवाल हलगी वाजवून दवंडी द्यायचा. या कागदाची दवंडी मला आठवत नाही. गावात कुणालाच आठवत नाही. कागद कुठं आला असेल आणि कुठल्या फायलीत बसला असेल, देव जाणे.

आम्हाला अभयारण्य कळलं ते पंधरा वर्सांनी.

१९९४ साली धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं. त्याआधी विहिरीचं कर्ज होतंच. आण्णांनी ओढ्याकडची दोन एकर काढायचं ठरवलं. गिऱ्हाईक ठरलं, इसार झाला. खरेदीखताला गेलो तर तिथला माणूस म्हणाला, "हा गट अभयारण्यात आहे. व्यवहार होणार नाही."

आण्णांना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "कशात हाय?"

"माळढोक अभयारण्यात."

"आवो सायेब, आमी शाळू पेरतो तितं. अभयारण्य कुटलं?"

आम्ही या कचेरीतनं त्या कचेरीत फिरलो. शेवटी एका कारकुनानं फाईल काढली. मी विचारलं, की हरकत घ्यायची मुदत कधी होती? तो म्हणाला, "ती केव्हाच गेली. तुमच्या गावाची एकही हरकत नाही इथं." मग हक्कांच्या चौकशीचं काय झालं? तर म्हणाला, "चौकशी अजून पुरी व्हायचीय." म्हणजे मुदत संपली होती आणि चौकशी संपली नव्हती. आम्ही गप्प राहिलो याचा अर्थ आमची हरकत नाही, असा त्यांनी धरला होता. आम्हाला विचारलं हेच आम्हाला ठाऊक नव्हतं, तर बोलणार काय?

लग्न एक वर्स पुढं गेलं. बैलजोडी विकली. त्या एका वर्सात बहिणीला लोकांनी काय काय ऐकवलं, ते ती आजही विसरलेली नाही.

पुढचं सांगायला मला जड जातं. धनगरवाड्यामागचा जो बरड, त्यातलं सात-आठ एकर आमच्या मालकीचं होतं. कधी नांगरलं नव्हतं. मुरमाड जमीन, पावसाळ्यात कुसळी आणि पवन्या उगवायचा, गुरं चरायची. १९७० नंतर मधली काही वर्सं तिथं ढोक दिसला नव्हता, पण पुन्हा एक जोडी यायला लागली होती. लग्न मोडता मोडता राहिलं, त्या उन्हाळ्यात आण्णांनी भाड्याचा ट्रॅक्टर आणला आणि तो सगळा बरड नांगरून टाकला. पीक येणार नाही हे त्यांना कळत होतं. मी म्हणालो, "आण्णा, कशाला डिझेल जाळता?" तर म्हणाले, "त्या पाखरानं माजी जमीन बांधून ठिवली. मी त्याची ठिवतो का बगू."

असं करणारे आण्णा एकटे नव्हते. ज्या पाखराला लोक कधी हात लावत नव्हते, त्याचं नाव काढलं की गावात शिव्या ऐकू यायला लागल्या. अभयारण्यानं माळढोकाला एका फटक्यात हजारो वैरी दिले.

एक चांगलं सांगायचं राहिलं. नान्नजला आणि आसपास अवर्षणप्रवण क्षेत्राच्या योजनेत सरकारी माळाचे काही तुकडे चराई बंद करून राखले होते. तिथं गवत वाढलं आणि माळढोक तिथं यायला लागले. बी. एस. कुलकर्णी नावाच्या सोलापूरच्या शिक्षकांनी सत्तरच्या दशकात त्यांचा पिच्छा पुरवून नोंदी केल्या, म्हणून तर अभयारण्य झालं. ती राखलेली जागा खरी होती. चूक झाली ती नकाशावर रेघ ओढताना. जिथं पाखरू होतं तिथं लहान आणि पक्की रेघ ओढायची, ते सोडून अर्ध्या जिल्ह्यावर मोठी आणि पोकळ रेघ ओढली.

हेच आबा पुढं एका बैठकीत बोलले. अभयारण्याचं क्षेत्र कमी करायचा विचार सुरू झाला होता. हद्द बदलायची तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागतं, तसा आदेश २००० साली झाला होता. समिती, पाहणी, अहवाल असं चाललं होतं. त्या दिवसांत तालुक्याच्या गावी शेतकऱ्यांची बैठक झाली. हॉल भरला होता. पुढारी बोलले, वकील बोलले. सगळ्यांचं एकच, आमची जमीन मोकळी करा. मीही तेच बोललो. टाळ्या पडल्या.

शेवटी आबा उठले. पंच्याहत्तरीच्या पुढं गेले होते, खांद्यावर घोंगडी. माईक हातात घ्यायला तयार नव्हते. म्हणाले, "मी मेंढरांमागं सगळा माळ पायानं फिरलोय. पाखरू कुटं नाचतंय, कुटं अंडं घालतंय, ह्ये मी दावतो. तेवढं राका. तितं मी मेंढरू घालणार न्हाई, पावसाळ्यात कुणाला घालू बी देनार न्हाई. बाकीचं लोकांचं लोकांना द्या. ह्ये आमाला आदीच इचारलं असतं तर येवढी वर्सं गेली नसती."

हॉलमध्ये थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग पुढच्या माणसाचं नाव पुकारलं. आबांचं बोलणं कुणी लिहून घेतलं का, ते मी पाहिलं नाही. माझी मान खाली होती. दोन तास आम्ही शे-दोनशे माणसं बोललो आणि पाखराचं नाव आमच्यातल्या एकानंच काढलं.

पुढं क्षेत्र कमी झालं. ८,४९६ चं १,२२२ चौरस किलोमीटर झालं. आमचा गट सुटला. आण्णा तोवर गेले होते. आबाही गेले. आणि माळढोकही गेल्यात जमा. आता देशात दीडशेसुद्धा उरले नाहीत म्हणतात, आणि जे आहेत ते बहुतेक राजस्थानात जैसलमेरकडं. आमच्याकडं कधी एखादं दिसलं तर पेपरात बातमी येते.

हे कुणामुळं झालं? एकाचं नाव घेता येत नाही. जीपनं मारले, नांगरानं जागा घेतली, कालव्याचं पाणी आलं तसा ऊस आला, विजेच्या तारा आल्या, मोकाट कुत्री वाढली. कायदा उशिरा आला आणि आला तो चुकीच्या आकारानं आला. पण माझा हिशेब मी टाळणार नाही. पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी जीपवाल्यांना उत्तर दिलं. दुसऱ्यांदा, त्या हॉलमध्ये, मला दोन एकरांपलीकडचं बोलता आलं असतं, ते मी बोललो नाही.

आता माळावर पुन्हा गाड्या यायला लागल्यात. बंदुका नाहीत, कॅमेरे आहेत. माणसं चांगली असतात, शिकलेली असतात, लांडग्याचा फोटो घ्यायला पुण्या-मुंबईहून येतात. पण लांडगा पळाला की गाडी चाकोरी सोडते. मोटारसायकलवाली पोरं तर उगाच हौसेनं टेकडीवर चढवतात. ज्यानं जमीन कसली नाही त्याला वाटतं, माळ पडीकच आहे, गाडी गेली तर काय बिघडतं? बिघडतं. एकदा गाडी गेली की चाकाखालचा मुरूम दबतो. पाऊस आला की पाणी त्या चाकाच्या रेघेतनं धावतं आणि रेघेची घळ होते. तिथं पुढची किती तरी वर्सं गवत धरत नाही. टिटवी, चंडोल, धाविक यांची अंडी जमिनीवरच असतात, आणि ती मातीच्या रंगाची असतात. गाडीत बसलेल्या माणसाला ती दिसत नाहीत.

यावर उपाय निघू शकतो. २०२३ साली वनखात्यानं इंदापूरच्या कडबनवाडीला आणि बारामतीच्या शिर्सुफळला गवताळ माळाची सफारी सुरू केली. ठरलेली वाट, ठरलेल्या गाड्या, बरोबर गावातली वाट दाखवणारी पोरं. गाडी कुठनं जाईल आणि कुठनं नाही, हे आधी ठरवलं की निम्मं भांडण मिटतं. मात्र वाट आखताना मेंढपाळाला बरोबर घ्यावं, एवढंच माझं म्हणणं. कुठल्या महिन्यात कुठल्या अंगाला अंडी असतात, ते त्याला पुस्तक न उघडता सांगता येतं.

दुसरीकडं रानडुकरांचा प्रश्न आहे. मका आणि भुईमूग एका रात्रीत सपाट होतो. काळवीट शाळूचे कोंब खातात. पिकाचं नुकसान करणाऱ्या डुकराला मारायची परवानगी कायद्यात आहे, पण ती अर्ज, पंचनामा अशा वाटेनं मिळते आणि डुकराला तेवढा दम नसतो. वन्यजीव कायद्यात २०२२ साली मोठी दुरुस्ती झाली, सहा परिशिष्टांची चार झाली, रानडुक्कर दुसऱ्यात गेलं. पास होण्याआधी तो मसुदा संसदेच्या समितीकडं गेला होता. लोकांचं म्हणणं मागवलं होतं. आमच्या गावात हे कळलं ते सगळं होऊन गेल्यावर. आताही दोष एकट्या सरकारचा म्हणता येणार नाही. प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे. आम्ही त्यावर सगळं बघतो, हे तेवढं बघत नाही.

म्हणून मी एक गोष्ट केली, ती सांगतो आणि थांबतो. अभयारण्याची नवी हद्द ठरल्यावर तिच्याभोवतीच्या संवेदनशील क्षेत्राचा मसुदा निघाला. अशा मसुद्यावर हरकती व सूचना द्यायला साठ दिवस असतात. या वेळी मी लक्ष ठेवून होतो. कागद मिळवला, पोराकडनं त्याचा मराठीत अर्थ लावून घेतला आणि ग्रामपंचायतीपुढं चार माणसं बसवून वाचला. मग घरी येऊन लिहायला बसलो.

पहिल्या पानावर 'हरकती' असं लिहिलं. त्याखाली विहीर, गोठा, रस्ता, घराचं वाढीव बांधकाम याला काय अडचण येईल ते सगळं. हे लिहायला वेळ लागला नाही. गावातल्या सगळ्यांनी तेच सांगितलं होतं.

दुसऱ्या पानावर 'सूचना' लिहिलं आणि बराच वेळ बसून राहिलो. मग आबांनी सांगितलेल्या जागा आठवून आठवून लिहिल्या. गटाचे नंबर घातले. पाखरू नाचायचे बरड कुठले, अंडं कुठल्या बांधालगत मिळायचं, मेंढरं कुठल्या महिन्यात कुठनं वळवावीत, गाडीची वाट कुठवर असावी आणि कुठं अडवावी. आण्णांनी नांगरलेला बरड मी नंतर पुन्हा तसाच सोडलाय, पवन्या थोडा थोडा परत धरतोय, तेही लिहिलं. आणि शेवटी लिहिलं, की १९७० साली याच ठिकाणी एक नर जीपमधनं मारला गेला, जागा दाखवणारा मी होतो.

रजिस्टर पोस्टानं धाडलं. आठ-दहा दिवसांनी पोच आली, तिच्यावर शिक्का आहे. उत्तर काही आलं नाही. ती पोच मी सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवली आहे. आमच्या गावची हरकत नव्हती असं आता तरी कुणाला म्हणता येणार नाही, आणि सूचना नव्हती असंही नाही.